जास्तीची खुर्ची

पोलादपूर, गुरुवार
(तिथी पितृपंधरवड्यातली कुठलीशी. मला वार तेवढे कळतात, तेही रविवार जवळ आला की जरा जास्तच.)

तीर्थस्वरूप इंदूआत्येच्या चरणी रूपालीचा साष्टांग नमस्कार.

तुम्हा ख्रिस्ती क्वेकर पंथाच्या मंडळींना पदव्या, मानपान, चरणस्पर्श यांतलं काही चालत नाही हे मला ठाऊक आहे. तुमचे मूळचे लोक राजापुढेही टोपी काढत नसत आणि त्याला सरळ 'तू' म्हणत, हे तूच सांगितलंस. पण मी पत्राच्या डोक्यावर नुसतं 'इंदू' लिहिलं तर आमचे वडील, म्हणजे तुझे थोरले बंधू, भिंतीवरच्या फोटोतून खाली उतरतील, आणि कोण कुठून उतरून येईल यावर विनोद करण्याची माझी सध्या हिंमत नाही. तेव्हा तीर्थस्वरूप गोड मानून घे.

गुडघा कसा आहे? जिना चढतेस, की अजून सगळ्या इटारसीला खाली बोलावून घेतेस? शेजारच्या कुत्र्याने आता तरी अहिंसा स्वीकारली का? इकडे सर्व खुशाल. गणपती गेले तरी पाऊस जायचं नाव काढत नाही, आंबेनळी घाट धुक्याने गच्च भरलाय, महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या स्टँडसमोर थांबून घाट चालू आहे का हे माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन विचारतात, आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देते. म्हणजे प्रकृती ठीक आहे.

आता तक्रार. आषाढापासून दर रविवारी माझी साडी मागच्या बाजूने ओली होते. हसू नकोस. पन्नाशी ओलांडलेल्या, एकटीने दुकान चालवणाऱ्या, गावात फटकळ म्हणून कष्टाने नाव कमावलेल्या बाईने मागे परातीएवढा ओला डाग घेऊन भर बाजारातून घरी जायचं, आणि पानवाल्याने मान दुसरीकडे वळवून 'ताई, रिक्षा बोलावू का' असं हळुवार आवाजात विचारायचं, याहून मोठा अन्याय या तालुक्यात यंदा झालेला नाही. मला शिव्या चालतात. हळुवार आवाज चालत नाही. आणि या सगळ्याला जबाबदार तू आहेस, कारण ती खुर्ची तुझी आहे.

आठवतं ना? ऑपरेशननंतर तीन महिने माझ्याकडे राहिलीस आणि दुसऱ्याच रविवारी दुकानामागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्यास. पुजारी नाही, पोथी नाही, आरती नाही. तासभर गप्प बसायचं, ज्याला आतून काही उमटेल त्याने उठून बोलायचं, नाही उमटलं तर तेही चांगलंच, आणि शेवटी शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा. हातात हात असा गोल फिरून पुरा झाला की सभा संपली, त्याआधी नाही. मला वाटलं, म्हातारीचा विरंगुळा आहे, गुडघा बरा होईल तसा जाईल. गुडघा गेला इटारसीला आणि सभा राहिली माझ्या गळ्यात. वर तुझा तो नियम: माणसं असतील त्याहून एक खुर्ची नेहमी जास्तीची मांडायची, कोण येईल सांगता येत नाही. आत्या, खरोखरच सांगता येत नाही गं.

(तुमच्यात शपथ घ्यायची नसते, 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही. त्यामुळे पुढचं सगळं देवाशपथ खरं आहे असं म्हणायचीही सोय तू ठेवली नाहीस. नुसतं सांगते.)

तू गेल्यावर सभेची सूत्रं सुहास सरांनी घेतली. महाडच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. तुमच्या रीतीप्रमाणे सभेचं काम बघणाऱ्याला क्लार्क म्हणतात हे त्यांनी घरी अभिमानाने सांगितलं तेव्हा त्यांच्या बायकोने दोन दिवस अबोला धरला (सभेला ती कधी आली नाही, पण गप्प बसणं तिला आमच्यापेक्षा चांगलं जमतं). सरांना प्रसाराची हौस. त्यांनी दारावर पाटी लावली: 'मूक सभा, रविवारी दहा वाजता, सर्वांचे स्वागत.' पहिल्या रविवारी तीन माणसं हार घेऊन आली आणि 'कोण गेलं' म्हणून विचारू लागली. तुम्ही एकमेकांना 'मित्र' म्हणवता, म्हणून सरांनी पाटी बदलून 'मित्र मंडळ' केली. तर मुलं आली, म्हणाली, आमच्यासारखं तुमचं पण मित्र मंडळ, तर नाइट क्रिकेटला तुमचा संघ उतरवा. मग कंटाळून सरांनी 'क्वेकर' असंच लिहिलं, आणि एका मधुमेही गृहस्थांनी ओट्स किलोवर मिळतात का अशी चौकशी केली. शेवटी 'मूक सभा'चीच पाटी परत लागली. आम्ही सहा जण होतो, सहाच राहिलो. जास्तीची खुर्ची रिकामी राहायची. ते दिवस चांगले होते.

आषाढात येसूबाई आली. वय सत्तरच्या पुढे, कापड्याच्याही वर, कुडपणच्या अंगाला एका गावातली. (गावाचं नाव लिहीत नाही. दोन्ही वाड्यांत माझी गिऱ्हाइकं आहेत.) बाजाराला आली होती, पाटी कोणाकडून तरी वाचून घेतली आणि दारात उभी राहून मला विचारलं, "हितं गप बसत्यात?"

म्हटलं, हो.

"कितीबी येळ?"

म्हटलं, तासभर.

"आनि उठवत नाय कुनाला?"

म्हटलं, आजी, इथे उठवायला यावं इतकं कोणी येतच नाही. तशी ती आत येऊन बसली, शेजारची खुर्ची सोडून. पुढच्या रविवारीही आली, तशीच बसली. आता माझी अडचण बघ. दुकानातलं गिऱ्हाईक आटपून मी सभेला नेहमी उशिरा पोहोचणार. तेव्हा मोकळी एकच खुर्ची, येसूबाईशेजारची. मी बसायला गेले की ती पुटपुटायची, "सरक रे जरा." मला वाटायचं सुहास सरांना म्हणते. सरांनाही तसंच वाटायचं. बिचारे दर रविवारी टाचभर सरकायचे.

आणि मी उठायचे ती ओली होऊन.

छप्पर गळतं, हे उघड होतं. पण तुमच्यात मतदान नाही. सगळ्यांच्या मनाला पटेपर्यंत वाट बघायची. छप्पर गळतं की नाही यावर आम्ही पाच रविवार वाट बघितली. शेवटी मी कोणाला न विचारता खुर्चीवर बादली ठेवली. तासाभराने बघितलं तर बादलीत टिपूस नाही आणि बादलीखाली पाणी. सर म्हणाले, दमट हवा. एकदा त्या पाण्यात बोटभर शेवाळ निघालं. सर म्हणाले, दमट हवा. एकदा करंगळीच्या नखाएवढा खेकडा निघाला, जिवंत, वहाळात असतो तसला. तेव्हा सर काही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला कागदावर घेतला, गटारात सोडला आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

आणि ठिबक. सभा चांगली शांत झाली, रस्त्यावरची एसटी गेली, की ऐकू यायची. टप, टप टप, थांबून पुन्हा टप. मला गाण्यातलं काही कळत नाही (आठवीत मला पेटीपासून लांब बसवलं होतं), पण इतकं कळत होतं की गळणारं पाणी दमाला थांबत नाही. हे थांबायचं. दोन ठोके रिकामे सोडायचं आणि बरोबर जागेवर परत यायचं.

आता त्या गावाचं सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. वरची वाडी, खालची वाडी, मधे वहाळ. वहाळावर पूर्वी फळ्यांचा साकव होता, आता सिमेंटचा आहे. खालच्या वाडीतला हैबती, येसूबाईचा एकुलता एक मुलगा, मृदंग वाजवायचा. दहा-अकरा वर्षांपूर्वी श्रावणात वरच्या वाडीत सप्ताह होता, तिथे त्याला बोलावणं आलं, पावसात संध्याकाळी निघाला, तो परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही. खालच्या वाडीचं म्हणणं, वरच्यांनी मागच्या शिमग्याचा राग काढला, साकवाच्या फळ्या मुद्दाम काढून ठेवल्या. वरच्या वाडीचं म्हणणं, खोटं. दिवे गेले होते, पण हैबतीचा मृदंग आम्ही रात्रभर कानांनी ऐकला, फळ्या नव्हत्या तर तो आला कसा, परत जाताना पिऊन पडला असेल. तेव्हापासून अबोला. मुंबईतली मंडळंसुद्धा फुटली. शिमग्याची पालखी खालचे लोक साकवापर्यंत आणतात, मधे ठेवतात, मागे फिरतात. मग वरचे येऊन उचलतात. तेवढा वेळ देव एकटाच वहाळावर बसून असतो.

सर हे ऐकून मोहरले. शांतिकार्य, रूपालीताई, शांतिकार्य. एवढे दिवस हाताला काम नव्हतं, आता दोन वाड्यांचं भांडण मिळालं, तेही प्रेत न सापडलेलं. दोन्हीकडे चार-चार खेपा घातल्या आणि सांगितलं, आम्ही कोणाची बाजू घेणार नाही. तुम्ही सगळ्यांनी साकवाजवळच्या कातळावर गोल बसायचं, गप्प राहायचं, कोणाला आतून काही उमटलं तरच बोलायचं. दोन्ही वाड्यांनी एका शब्दात होकार दिला. सरांचे डोळे भरून आले. म्हणाले, या लोकांच्यात हे मुळातच आहे हो. होतंच. फक्त काय आहे ते सरांनी विचारलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही सहा जण खुर्च्या पिकअपमध्ये घालून निघालो. (तुझीही घेतली. ती ठेवून जावी असं मी सुचवलं होतं. सर म्हणाले, नियम तो नियम.) पाऊस नव्हता, धुकं होतं. कातळावर पोहोचलो तर दोन्ही वाड्या आधीच बसलेल्या. आंघोळी केलेल्या, बाप्ये उघड्या डोक्याने, बायका पदर घेऊन, आणि गोलाच्या मधोमध केळीच्या पानावर भाताचा पिंड.

सर मला म्हणाले, हे काय. मी म्हटलं, मला काय विचारता, क्लार्क तुम्ही. तेवढ्यात खालच्या वाडीतला एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमीच बोललाव ना मास्तर, गोल बसायचा, गप ऱ्हायचा, सुचंल त्यानं बोलायचा? मंग कावळ्याबिगर कशाला बसायचा?"

आत्या, तू नर्स होऊन इटारसीच्या मिशन इस्पितळात गेलीस त्याला पन्नास वर्षं झाली, तरी घाटावरचा दहावा विसरली नसशील. पिंड ठेवायचा, लांब बसायचं, गप्प. कावळा शिवेना तर गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेकाने उठून बोलायचं, पोरांचं बघू, कर्ज फेडू, देवीला नारळ देऊ. ज्याचं राहिलंय ते बोललं गेलं की कावळा उतरतो. हैबतीचं सगळं तसं झालं होतं, दर्भाचा पुतळा करून. कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. येसूबाईने ते मानलं नाही. "गवताच्या कावळ्याला काय कळतं," म्हणाली. तेव्हापासून ती अशी जागा शोधत होती जिथे माणसं गप्प बसतात आणि कोणी उठवत नाही. ती आमच्या पाटीखाली तिला मिळाली. आणि ती एकटी येत नव्हती.

(हे मला तिथे कातळावर कळलं, आणि पहिला विचार माझ्या मनात आला तो हा की आषाढापासून मी कोणाच्या मांडीवर बसत होते. सरकला असेल, अशी आशा आहे. आई त्याला सांगत तर होती.)

बसलो. माझ्या उजव्या हाताला तुझी खुर्ची, तिच्यापलीकडे येसूबाई. यावेळी मी वेळेवर होते, आणि कोरड्या खुर्चीवर. डावीकडे वरच्या वाडीचा दत्ताराम, साठीपुढचा, सप्त्याचा कारभार बघणारा. त्याला मानाची म्हणून खुर्ची दिलेली. आमच्या खोलीत सहा जण गप्प बसतात तेव्हा निदान कोणाचं तरी पोट बोलतं. इथे शंभर माणसं बसली होती आणि एक बांगडी वाजली नाही. पोरंसुद्धा. वहाळ दहा पावलांवर भरून वाहत होता. काही वेळाने मला वाटलं की त्याचा आवाजही येत नाहीये. कावळा आला, एकच. साकवाच्या कठड्यावर बसला आणि बसूनच राहिला.

मग खालचे लोक एकेक उठले. हैबती, तुझ्या आयशीला बघू. हैबती, तुझ्या घरावर पत्रे घालू. कावळा ढिम्म. सर बाजूला डोळे मिटून गहिवरत होते. त्यांना वाटत होतं, आतून उमटतंय. उमटतच होतं म्हणा.

पुन्हा शांत झालं. आणि ठिबक सुरू झाली. टप, टप टप, दमाला थांबून टप. मी मनात म्हटलं, घ्या, इथेही गळतंय. मग माझ्या लक्षात आलं की इथे छप्पर नाही.

मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तुझ्या खुर्चीच्या हातावर पाणी होतं आणि त्या पाण्यात लहान लहान वर्तुळं उमटत होती, कोणी बोटं मारावीत तशी. दत्तारामचा श्वास मला ऐकू येत होता. तो खुर्चीत मागे मागे जात होता आणि प्लास्टिक कुरकुरत होतं. मग एकदम उभा राहिला.

"बंद करा त्याला," म्हणाला. "ऐकलाय मी. येक रात ऐकलाय, बस झाला."

मग तो बोलला. मी त्याच्या शब्दांत लिहिते, माझ्या शब्दांत मला झेपणार नाही. "फळ्या मी काढल्या. राग नाय, काय नाय. भजनाला बसायला उंचवटा नव्हता, सगला चिखल. म्हनलं पावसाचा कोन येतंय साकवावर, सकाळी परत लावीन. मृदंगवाला मुंबईसून आला नाय, मंग हैबतीला सांगावा पन मीच धाडला. फळ्यांचा सांगायचा ऱ्हायला."

म्हणजे आत्या, ज्या फळ्यांवर बसून तो वाजवणार होता, त्याच फळ्यांवरून तो यायचा होता.

येसूबाईने वर पाहिलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग त्या राती मृदंग कुनी वाजवला?"

दत्तारामने साकवाकडे पाहिलं. "वाजला," म्हणाला. "दिवे गेलेले. काळोखात वाजला, पहाटंपर्यंत. वाजला म्हनून तर सगली बोलली, हैबती आला, आनि कुनी बघाया गेला नाय. मला ठाव व्हता, फळ्या हितं हायत, त्यो येनार कुठनं. सकाळी आमच्या वाडीच्या मृदंगाच्या डाव्या तोंडाला कनीक लावलेली व्हती, वली." (मृदंगाच्या डाव्या बाजूला कणकेचा लेप लावतात, आवाज खोल यावा म्हणून. वाजवणारा स्वतः लावतो. हे मला नंतर सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.) "दहा वर्सं मला ठाव हाय कोन वाजवीत व्हता. कुनाला सांगू?"

आणि खाली बसला. मी आयुष्यात इतक्या सभा, भाषणं, सत्कार ऐकले. एवढ्या थोड्या शब्दांत एवढा मोठा डोंगर कोणी खाली ठेवलेला पाहिला नाही. कठड्यावरचा कावळा उठला, खाली आला, पानापासून हातभर अंतरावर उतरला, आणि थांबला.

नेमकं तेव्हा सुहास सरांनी घड्याळ पाहिलं. तास झाला होता. नियम तो नियम. त्यांनी शेजाऱ्याचा हात हातात घेतला.

हात फिरू लागले. खालच्या वाडीच्या हातात वरच्या वाडीचे हात, काही जण बोटांची टोकंच लावत होते, काही सोडत नव्हते. दत्तारामने माझा हात घेतला; घामाने भिजलेला होता, पण गरम होता, माणसाचा होता. पलीकडून फिरत फिरत येसूबाईपर्यंत आला. तिने रिकाम्या खुर्चीकडे हात केला आणि हवेत धरून ठेवला, बोटं मिटून, बाळाचा धरावा तसा. मग सोडला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता तू घे गो."

खुर्चीच्या आणि माझ्या मधे, वीतभर मोकळ्या जागेत, हवेतून थेंब पडत होते. माझ्या पायांजवळ. कोणीतरी हात पुढे करून वाट बघत होतं.

मी पदर सारखा केला. मग चष्मा पुसला. मग, चहाचा थर्मास पिकअपमध्ये राहिलाय असं मोठ्याने म्हणत उठले आणि गेले.

परत आले तोवर कावळा उडून गेला होता. येसूबाई पान गुंडाळत होती. रागावली नाही, रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. "येकच हात ऱ्हायला बघ त्याचा," एवढंच बोलली.

बाकी शांतिकार्य म्हणशील तर कमालीचं यशस्वी. दोन्ही वाड्यांचा अबोला सुटला आणि त्याच बैठकीत चहात साखर कोणी कमी घातली यावरून पहिलं भांडण झालं. सर म्हणाले, हे फार चांगलं लक्षण आहे. दत्ताराम रोज सकाळी साकव उतरून येसूबाईच्या अंगणात येऊन बसतो. पहिले दोन दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही, काल म्हणे कपभर चहा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "पी, निवतंय." पण पिंडाचं तिने सोडलेलं नाही. या रविवारी सर्वपित्री अमावास्या, त्या दिवशी ती पुन्हा ठेवणार. आणि नाहीच शिवला तर? मी फोनवर विचारलं. तर म्हणाली, "मंग मी पन जात नाय. त्याला येकला टाकून कशी जाऊ?" जात नाही म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. तिचा आवाज ज्वारीच्या पापडासारखा झालाय.

आणि खुर्ची? ती परत आणली, खोलीत ठेवली. येसूबाई इथे नाही, रविवार नाही, तरी ओली. पुसली की कोरडी, पाठ वळली की ओली. उलटी करून ठेवली, सकाळी सुलटी. दिवसा झेरॉक्स मारताना भिंतीमागून ऐकू येतं: टप, टप टप. मशीनच्या ठेक्याशी ठेका जुळवतो, इतकं चांगलं वाजवतो. त्याचं काही चुकत नाही. तूच नियम केलास ना, हात पुरे फिरल्याशिवाय सभा संपत नाही. बाकीचे आम्ही उठून घरी गेलो. तो बसून आहे. आमच्या मंडळात नियम पाळणारा तेवढा एकच.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला तीळतेल लाव, औषधं वेळेवर घे, आणि सगळ्यांना यथायोग्य सांग (तुमच्यात सगळे सारखेच, म्हणजे सोपं आहे).

तुझी भाची,
रूपाली

ता. क. तुझी तपकिरी शाल इथे राहिली आहे. थंडी सुरू व्हायच्या आत घेऊन जा. पार्सल करणार नाही.

दुसरी ता. क. शालीचं निमित्त होतं. आत्या, तू ये. गुडघ्याचं माहीत आहे, गाडीचं तिकीट मी काढते, महाडपासून जीप करते, तुला उचलून आत आणते. रविवारच्या आत ये आणि तो हात तू घे. तू चाळीस वर्षं वॉर्डात माणसांचे गार पडत चाललेले हात धरून बसलीस, तुला सवय आहे. मी आतापर्यंत माणसांना फक्त तोंडाने हात घातलाय.

तिसरी ता. क., रविवार दुपार. येऊ नकोस. पत्र अजून इथेच आहे. पोस्टाच्या पेटीपर्यंत रोज नेत होते आणि रोज परत आणत होते. पाठवलं असतं तरी तू रविवारच्या आत पोहोचली नसतीस, हे गुरुवारी लिहितानाच मला कळत होतं.

सकाळी येसूबाईने शेजारणीच्या मोबाइलवरून सांगितलं, पिंड ठेवलाय, दत्ताराम सोबतीला बसलाय, कावळा लांबवर आहे, येत नाही. मी दुकान उघडलंच नाही. जन्मात पहिल्यांदा सभेला सगळ्यांच्या आधी गेले, खुर्च्या मांडल्या, तुझी मांडली, आणि तिच्या शेजारी बसले. बाकीचे आले. तासभर ठेका चालला. सरांनी हात पुढे केला, गोल फिरत माझ्यापर्यंत आला, आणि सगळे माझ्याकडे न पाहता बसले.

मी उजवा हात रिकाम्या जागेत धरला. आधी काही नव्हतं. मग होतं. गार, वहाळाच्या तळच्या दगडाइतका गार, बोटांची टोकं घट्टे पडलेली, आणि धरणं अगदी संकोचाचं, परक्या बाईचा हात धरताना खेड्यातला मुलगा धरेल तसं. मी म्हटलं, "उशीर झाला रे, हैबती." त्याने एकदा दाबला आणि सोडला. ठेका थांबला. समेवर थांबला असं सर म्हणतात. मला त्यातलं कळत नाही.

फोन नंतर आला. "शिवला गो," म्हणाली येसूबाई. मागे दत्ताराम रडत होता, किंवा हसत होता.

खुर्ची पुसली. कोरडी राहिली. साडीही कोरडी, भर बाजारातून घरी आले आणि पानवाल्याने नेहमीसारखं खेकसून सुट्टे मागितले. तळहाताला ओली कणीक लागली होती, ती वाळेपर्यंत हात धुतला नाही. खुर्ची गोलातच ठेवली आहे, तिथेच, जास्तीची.